शिंपिणीकडे अठ्ठावीस सेकंद

खोकं आलं तेव्हा पोस्टमनने आत काय आहे ते बघितलं नाही, आधी पत्ता बघितला. पत्त्यात मजला लिहिलेला नव्हता, आणि घराच्या नंबरातला आठ असा काढला होता की कुणालाही तो तीन वाटावा. पाठवणारा त्याचा स्वतःचा मुलगा.

"छत्तीस वर्षं मी लोकांचे पत्ते लावले," खोकं घेऊन आलेल्या नव्या टपालवाल्या मुलीला तो म्हणाला, "आणि माझ्या पोराला बापाचा पत्ता धड लिहिता येत नाही."

"सही करा काका," ती म्हणाली. तिची अजून अर्धी पिशवी वाटायची होती.

त्याने सही केली आणि तिला पिशवी उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं, म्हणजे जिना उतरताना डावा हात कठड्याला मोकळा राहतो. निदान कठडा आहे तिथपर्यंत तरी. शेवटच्या तीन पायऱ्यांना तो नव्हताच.

नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती, तरी सगळे त्याला पोस्टमनच म्हणत. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक माणूस. बायको जाऊन चार वर्षं झाली. ती गेल्यापासून तो बाटलीतली कॉफीची पूड गरम पाण्यात ढवळून पीत असे, उभ्याउभ्याच, जोडे घालता घालता. नोकरी सुटली तरी तो ती उभ्यानेच प्यायचा. मुलगा एकदा येऊन ते बघून गेला आणि त्याला वाईट वाटलं. मुलांना वाईट वाटलं की ती वस्तू पाठवतात. वाईट जितकं जास्त तितकं खोकं मोठं. हे खोकं वर आणायला तो आणि टपालवाली, दोघं लागली.

आत एक चकचकीत मशीन निघालं, एस्प्रेसो करायचं, आणि सोबत कॉफीच्या बिया दळायचा एक ग्राइंडर. बियांची पिशवीही होती. पोस्टमनने सगळं ओट्यावर मांडलं आणि मुलाला फोन लावला. मुलाने सांगितलं तसं दळलं, दांड्याच्या वाटीत भरलं, दट्ट्याने दाबलं, वाटी मशीनला अडकवली आणि बटण दाबलं.

"कशी झाली बाबा?"

"आंबट. आणि दहा सेकंदांत सगळी खाली. नळ सोडल्यासारखी."

"मग बारीक करा."

पोस्टमनने फोनचा आवाज बारीक केला. "केलं."

"अजून थोडं बारीक."

त्याने अजून केला. त्यानंतर मुलगा पाच मिनिटं काहीतरी समजावून सांगत होता, पण ते ऐकू कसं येणार? पोस्टमन मधूनमधून "हो" म्हणत राहिला, कारण फोनवर समोरचा बोलतोय आणि आपण गप्प आहोत हे बरं दिसत नाही.

दळण बारीक करायचं होतं हे त्याचं त्यालाच तिसऱ्या दिवशी उमगलं. ग्राइंडरच्या गळ्याशी एक कडं होतं. ते फिरवलं की आतल्या दोन दातेरी चकत्या जवळ येत नाहीतर लांब जात. जवळ आल्या की पूड बारीक, कॉफी हळू उतरते आणि फार हळू उतरली तर कडू होते. लांब गेल्या की पूड जाड, पाणी धावत सुटतं आणि कॉफी आंबट, पाणचट होते. बरोबर जागा त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, आणि ती बियांच्या प्रत्येक पिशवीला वेगळी. अठरा ग्रॅम पूड आत, छत्तीस ग्रॅम कॉफी बाहेर, पंचवीस ते तीस सेकंदांत. तोलायला त्याच्याकडे कचेरीने मोडीत काढलेला पत्रांचा काटा होता. त्या काट्यावर त्याने लोकांची किती सुखदुःखं तोलली असतील, त्याला अठरा ग्रॅम काय जड!

अडचण आकड्यांची होती. कड्याला तीस खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेवर आकडा, पण एवढासा, की मुंगीच्या पायात घालायच्या चपलेवर लिहिलाय असं वाटावं. चष्मा लावला तरी नाही, चष्म्यावर चष्मा लावला तरी नाही. कडं फिरलं की प्रत्येक खाचेला कट्ट असा आवाज मात्र स्वच्छ यायचा.

तीस खाचा. पोस्टमनच्या शेवटच्या अकरा वर्षांची गल्ली तीस घरांची होती. एका रांगेत, एक ते तीस. गल्लीच्या तोंडाशी टपालपेटी. तो निवृत्त झाला त्याच वर्षी ती गल्ली पाडली आणि तिथून रुंद रस्ता गेला. बस तिथून तीस घरं एका श्वासात ओलांडते. पण पायांना ती घरं पाठ होती, आणि आता बोटांना झाली. ज्या खाचेत चकत्या एकमेकींना टेकतात तिथे शून्य, म्हणजे टपालपेटी. तिथे त्याने लाखेचा लाल ठिपका लावला, पार्सलावर लावायची तीच लाख. तिथून पुढे मोजायचं. एक कुलूपवाला, दोन चष्मेवाले मास्तर, तीन भांडखोर जोडपं, चार नर्सबाई, पाच दातवाली डॉक्टरीण. सहा रंगारी, सात जुळ्या, आठ शिंपीण.

गंमत अशी की घरं जशी होती तशीच खाचा निघाल्या. तेरा नंबरला कुत्रेवाला. तिथे पोस्टमन पत्र टाकून दहा सेकंदांत पळायचा, कॉफीही तिथे दहाच सेकंद थांबायची. दातवालीकडे कायम खोळंबा, सही मिळायला अर्धा तास. पाचव्या खाचेत कॉफीही थेंब थेंब येई आणि तोंड वाकडं करायला लावी. आणि आठ नंबरची शिंपीण म्हणजे मापात वागणारी बाई. ना उगाच गप्पा, ना तोंडावर दार. पत्र घेणार, पाणी विचारणार, शिवणयंत्राकडे परत. तिच्या खाचेत अठ्ठावीस सेकंद, वर तांबूस साय.

"घर बदलायचं तर चालत्या पायी बदलावं," असा त्याने नियम केला. म्हणजे मोटर चालू असतानाच कडं फिरवायचं, नाहीतर बियांचे तुकडे चकत्यांत अडकतात. आणि नव्या घरी गेलं की पहिली चिमूटभर पूड टाकून द्यायची, कारण ती मागच्या घरची असते. हे सगळं त्याने मुलाला फोनवर हौसेने सांगितलंही. मुलगा तेव्हा गाडी चालवत होता. "वा, वा, बाबा," म्हणाला. पोस्टमनची समजूत झाली की मुलाला कळलं.

नोकरीत असताना खिशात वही ठेवायची सवय होती, तीच आता ओट्यावर आली. पहिल्या पानावर एक ते तीस आकडे आणि पुढे घरं. फक्त एकोणीस या एका आकड्यासमोरची जागा रिकामी होती. पुढच्या पानांवर रोजची ओळ. पोस्टमनचं लिहिणं तारेसारखं, एकही शब्द जास्तीचा नाही.

तर असं चाललेलं असताना, एका मंगळवारी, तो पाव आणि भाजीची पिशवी घेऊन येताना खालच्या तीन पायऱ्यांवर पडला. फार नाही. मांडीवर वांग्याच्या रंगाचा डाग उठला आणि आठवडाभर त्याने लंगडणं लपवलं. पण खालच्या मजल्यावरच्या मावशींपासून या जगात काहीही लपत नाही. त्यांनी मुलाला फोन केला. "पोस्टमनभाऊ पडले," म्हणाल्या, "आणि मला सांगतात, पडलो नाही, बसलो. जिन्यात कोण बसतं हो, कोपर फोडून?"

मुलगा आणि सूनबाई पुढच्याच गुरुवारी येऊन दाखल झाली. चार दिवसांची रजा काढून. मुलाने जोडे काढायच्या आत विषय काढला. "बाबा, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे."

"राहू दे की रिकामी. खोलीचं काय जातंय?"

"जिना नाहीये तिथे. लिफ्ट आहे."

"लिफ्ट बंद पडते," पोस्टमन म्हणाला. "मी बाविसाव्या मजल्यापर्यंत पार्सलं चढवली आहेत, मला लिफ्ट कुणी शिकवू नये."

शेवटी ठरलं ते असं की चार दिवस बघू, आणि रविवारी ठरवू. पोस्टमनला कळून चुकलं की आता आपल्याला बघणार आहेत. माणसाला बघायला लागले की त्याच्या हातून कप पडतोच. त्या दिवशी दोन फुटले.

सूनबाई विम्याच्या कचेरीत होती. लोकांनी भरून दिलेले दावे तपासायचं तिचं काम. बाई वाईट नव्हती, सासऱ्याची तिला माया होती, पण छापील असो की हाताने लिहिलेलं, कागद दिसला की तिला त्यात काय लपवलंय ते शोधायचा नाद. शुक्रवारी पोस्टमन पाव आणायला खाली गेला, तेव्हा मदत म्हणून तिने स्वयंपाकघर घासायला घेतलं. ओटा घासला, मशीन पुसलं, ग्राइंडर पुसला. त्याच्या गळ्याशी काहीतरी लाल वाळून चिकटलं होतं, ते सुरीने खरवडून काढलं. आणि मग ग्राइंडरमागून वही निघाली.

तिने उघडली. वाचली. मग खुर्ची ओढून बसून वाचली.

"सोमवार. नवी पिशवी. कुत्रेवाल्याकडे गेलो. दहा सेकंदांत बाहेर. काही अर्थ नाही."

"मंगळवार. शिंपिणीकडे. अठ्ठावीस सेकंद. सुरेख. लगेच पुन्हा गेलो."

"बुधवार. पाऊस. एक घर पुढे, वकिलांकडे. सत्तावीस. बरी होती."

आणि दोन पानं मागे: "चुकून दातवालीकडे. फार दाबलं. गुदमरली. एक थेंब आला नाही. मग एकदम सगळीकडे. ओटा पुसला. कुणाला सांगण्यासारखं नाही."

पोस्टमन पाव घेऊन वर आला तेव्हा वही जागच्या जागी होती, पण उलटी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांना हात लावलेल्या माणसाला, आपल्या कागदांना कुणी हात लावला ते लगेच कळतं. त्याने वही सुलटी केली. वाचली असेल, बरं झालं, म्हणाला मनात. निदान कुणाला तरी गोडी लागली.

संध्याकाळी जेवताना मुलाने पाण्याचा पेला फिरवत विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"शुक्रवार. तुझी रजा विसरलास काय?"

"नाही, सहज. काल सकाळी कुठे गेला होतात?"

"कुठे जाणार? शिंपिणीकडे."

सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पावाकडे बघितलं.

"आणि परवा, पाऊस होता तेव्हा?"

"पावसात वकील. दमट हवेत शिंपिणीकडे अडकायला होतं, म्हणून एक घर पुढे सरकायचं." पोस्टमनला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पोराने पहिल्यांदा कॉफीची चौकशी केली होती. "तुम्ही आल्यापासून खरं तर मी पुढेच सरकायला बघतोय. तुला कडू चालत नाही ना."

"आणि बाबा," सूनबाईने घसा साफ केला, "ती दातवाली. तिला आता कसं आहे?"

"तिचं नावच काढू नकोस. एकदा दाबायला गेलो तेवढं पुरे झालं. भिंतीपर्यंत उडालं होतं."

सूनबाईच्या हातातला चमचा ताटात पडला.

मुलाने हात पुसले. अगदी हळू बोलायला लागला, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, पण आवाज न चढवता. "बाबा. ती गल्ली पाडली. तुम्हाला माहीत आहे ना? तिथे आता रस्ता आहे. शिंपीण, वकील, कुणीच राहत नाही तिथे."

"मला काय सांगतोस? माझ्यासमोर पाडली."

"मग तुम्ही जाता कुठे?"

"अरे, रस्त्यावर कशाला जाऊ? ती घरं आता इथे आहेत. आत, स्वयंपाकघरात."

हे बोलला आणि बोलल्याक्षणी त्याच्या ध्यानात आलं की काहीतरी बिघडलं. मुलाने डोळे मिटून घेतले होते. सूनबाईने पदराने नव्हे, हातातल्या कागदी रुमालाने नाक पुसलं, आणि तिच्या तोंडावर ते होतं जे पोस्टमनने पुष्कळ दारांत पाहिलं होतं, न उघडलेल्या पाकिटाकडे बघणाऱ्या माणसांच्या तोंडावर.

"उद्या अकराची वेळ घेतलीय डॉक्टरांची," मुलगा म्हणाला. "ते काय म्हणतात त्यावर ठरवू. रविवारपर्यंत थांबायला नको. घर सोडायचं तर मालकांना महिनाभर आधी सांगावं लागेल."

"कसले डॉक्टर?"

"डोक्याचे."

पोस्टमन समजावणार होता. तोंड उघडलंसुद्धा. पण कुत्रेवाल्याच्या दारात तो एक गोष्ट शिकला होता, की समोरचा भ्यालेला असला तर आपण जितकं बोलू तितका तो जास्त भितो. तेव्हा हात खिशात घालून उभं राहावं. त्याने ताट उचललं. सकाळी करूनच दाखवू, म्हणाला मनात. तोंडाने सांगितलेलं वेडं वाटतं, पण कप काही वेडा वाटणार नाही. कपभर कॉफीवर दोन खोल्या, एक खिडकी आणि सकाळचं फिरणं पणाला लागलं होतं, आणि ते तिघांपैकी एकालाच माहीत होतं.

साडेपाचला उजाडायला लागलं तेव्हा तो स्वयंपाकघरात होता. मशीन तापत ठेवलं. बिया तोलल्या. ग्राइंडर चालू केला, दळलं, दाबलं, बटण दाबलं. सहा सेकंदांत कप भरला. पिवळं पाणी. साय नाही, वास नाही.

त्याने परत केलं. परत सहा सेकंद.

तो वाकला आणि कड्यावर बोट फिरवलं. लाखेचा ठिपका नव्हता. त्या जागी गुळगुळीत काळं प्लास्टिक, धुतल्यासारखं. आणि कडं कुठल्या कुठे फिरलेलं. पोस्टमन ओट्याला धरून उभा राहिला. ठिपका आपणच काढला की काय? काढून विसरलो की काय? काल रात्रीपर्यंत हा प्रश्न त्याला पडला नसता. आता पडला. मुलगा म्हणतो ते खरं असलं तर ते असंच सुरू होत असेल, असंच, एक ठिपका नाहीसा होऊन.

मागे, अर्ध्या उघड्या दाराआड कुणीतरी उभं होतं. हे त्याला न वळता कळलं. दाराआड उभं राहून पोस्टमन जायची वाट बघणारी माणसं त्याने हजारांनी पाहिली होती, त्यांचा श्वास ऐकू येतो. सूनबाई त्याच्या मागावर राहायला लवकर उठली होती, तो कुठे जातो ते बघायला. पायांत घरातल्या सपाता होत्या, पण खांद्याला पर्स अडकवलेली.

त्याने वळून बघितलं नाही. ग्राइंडर रिकामा केला, मोटर चालू केली आणि कान जवळ नेऊन कडं मागे मागे आणायला लागला, एकेक कट्ट. रिकाम्या चकत्यांचा घुर्र आवाज बारीक होत गेला. मग एकदम चिमणीच्या पिल्लासारखी चिरक आली. चकत्या टेकल्या. त्याने मोटर बंद केली.

"टपालपेटी," तो म्हणाला.

आता हे शून्य खरं की नाही, ते ताडून बघायला एकच वाट होती. गल्ली शेवटपर्यंत चालायची. तिसावं घर जिथे येतं तिथेच कडं अडायला हवं. तिथे अडलं तर पहिलं बरोबर. एक घर इकडेतिकडे झालं तर काहीतरी चुकलंय, कड्यात नाहीतर डोक्यात.

"कुलूपवाला," कट्ट. "चष्मेवाले मास्तर. भांडखोर जोडपं. नर्सबाई. दातवाली." मागे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. वही ओट्यावर नव्हती हे त्याला आता दिसलं. "रंगारी. जुळ्या. शिंपीण. वकील. बासरीवाला. पाववाला. बारा, नवी नवरी." ती नवी नवरी आता दोन पोरांची आई झाली असेल, पण पत्ता बदलेपर्यंत पोस्टमन नाव बदलत नाही. "कुत्रेवाला. घड्याळवाला. विधुर मास्तर. सोळा, बँकेतली. सतरा, सायकलवाला. फोटोवाला."

कट्ट.

आणि पुढे काही नाही.

त्याने कडं तसंच धरून ठेवलं. फोटोवाला, मग? निळं दार. दार दिसत होतं. दाराची कडी दिसत होती. पत्रं टाकायची फट दिसत होती, तिच्यावर जळमट. माणूस दिसत नव्हतं. नाव नव्हतं, पाटी नव्हती, पावतीवर सही करणारा हात नव्हता. मशीनमधून वाफ सुटून गेली. मागे दाराआडचा श्वास थांबला होता. पोस्टमनच्या कानशिलावरून एक थेंब ओघळला आणि शर्टाच्या गळ्यात गेला.

मग तो हसला. मोठ्याने नाही.

"एकोणीस," तो म्हणाला. "तिथे कधी पत्रच आलं नाही. अकरा वर्षांत एक पाकीट नाही. मी कधी थांबलोच नाही तिथे, नाव कुठून कळणार?"

त्यापुढे तो भराभर चालला. "वीस, चपलांचा कारखाना," आणि तिथून उताराला लागल्यासारखा, न अडखळता, "एकोणतीस, गादीवाला, तीस, न्हावी." तिसाव्या कट्टला कडं अडलं. त्याने जोर लावून बघितला. हललं नाही. न्हावी गल्लीच्या टोकालाच होता.

आता बाकीचं सोपं. बिया घातल्या, मोटर चालू केली आणि चालत्या पायी बावीस घरं मागे आला. पहिली चिमूट टाकून दिली. अठरा ग्रॅम. दाबलं, पण शिंपिणीला आवडेल इतकंच, बेतात. बटण. कपात आधी काही आलं नाही, मग उंदराच्या शेपटीसारखी एक धार आली, मधाच्या रंगाची. पोस्टमनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अठ्ठावीसला त्याने मशीन बंद केलं.

"बाबा." सूनबाई दारात उभी होती, हातात वही, बोट पहिल्या पानावर. "ही जी गुदमरली. ती कोण?"

"कोण म्हणजे?" पोस्टमन म्हणाला. "कॉफी."

सूनबाईने वहीत बघितलं. ग्राइंडरकडे बघितलं. परत वहीत. मग ती तिथेच दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. पोस्टमनला वाटलं रडतेय. तो पाणी आणायला वळला तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने मुलगा आतल्या खोलीतून एका पायात सपाता घालून धावत आला.

"काय झालं? बाबा, काय झालं?"

"दातवाली," सूनबाई म्हणाली. तिला पुढे बोलता येईना. "अहो, दातवाली म्हणजे कॉफी. शिंपीण म्हणजे... मी रात्रभर त्या बाईच्या घरच्यांना काय सांगायचं याचा विचार करत होते!"

मुलाला समजायला कप संपेपर्यंत वेळ लागला. त्याला कप संपेपर्यंत काहीच समजत नसे, लहानपणापासून. मग तो म्हणाला, "पण बाबा, हे तुम्ही आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तू वा वा म्हणाला होतास."

"आणि तो लाल ठिपका," सूनबाई डोळे पुसत म्हणाली, "तो तुमचा होता? मी सुरीने खरवडला. मला वाटलं सॉस सांडलाय."

पोस्टमनने कड्यावरच्या गुळगुळीत जागेवर बोट फिरवलं. ठिपका दुसऱ्या कुणी काढला होता. तो विसरला नव्हता. "लाख होती ती," एवढंच म्हणाला. "अजून आहे माझ्याकडे."

डोक्याच्या डॉक्टरांची वेळ सूनबाईने फोन करून रद्द केली. मुलगा मात्र हट्टी, बापावरच गेलेला. डोकं ठीक आहे म्हणून जिना ठीक होत नाही, म्हणाला. त्यात पोस्टमनला काही खोट काढता येईना. मग तिघांनी ओट्याशी उभं राहूनच तोड काढली. शेवटच्या तीन पायऱ्यांना लोहार बोलावून कठडा बसवायचा. आणि रोज सकाळी नऊच्या आत वहीतली ओळ सूनबाईला पोचली पाहिजे.

"नाही आली तर मी दुपारच्या गाडीने इथे," ती म्हणाली.

"पत्राने पाठवू?"

"फोनने."

"पत्र बरं पडतं. पुरावा राहतो."

"बाबा."

"बरं, फोनने. आणि पुढच्या वर्षी तुमची ती खोली?"

"पुढच्या वर्षी पुढच्या वर्षीचं बघू," मुलगा म्हणाला. खोलीचा विषय मिटला नव्हता, हे पोस्टमनलाही कळत होतं. नुसती तारीख पुढे गेली होती. पण तारखा पुढे जातात म्हणूनच पोस्टमनची नोकरी छत्तीस वर्षं चालली.

निघायच्या आधी सूनबाईने आपली कॉफी स्वतः करून घेतली. कडं तिनेच फिरवलं, एकेक घर मोजत, आणि एकोणीसवर थांबली. सात सेकंदांत कप भरला, चहापेक्षा पातळ.

"ती ओतून दे," पोस्टमन म्हणाला. "नासली."

"मला अशीच आवडते. तुमची ती शिंपीण माझ्या जिभेला चटका देते." तिने सगळी प्यायली. मग वही उघडली, पहिल्या पानावर एकोणीसपुढे स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं, आणि पानाच्या तळाशी, कचेरीत लिहायची तसं, "तपासले. मंजूर," आणि सही. पर्समध्ये शिक्का असता तर तोही मारला असता.

ती गेल्यावर पोस्टमनने लाख तापवून नवा ठिपका लावला. एक शून्याला. मग थोडी लाख उरली म्हणून आणखी एक.

पुढच्या गुरुवारची ओळ नऊला दहा मिनिटं असताना पोचली ती अशी: "ऊन. कठडा बसला, डाव्या हाताला. आज एकोणीस नंबरला गेलो, सूनबाईंकडे. सात सेकंद. पाणचट. सगळी प्यालो, बसून."